पैलवान ऐन भरात कधी असतो? खाशाबा जाधव यांच्या कारकिर्दीचा एक हिशेब
(वाळूज येथील स्मृतिव्याख्यानमालेतील व्याख्यान)

एखादा मुष्टियोद्धा किंवा पैलवान ऐन भरात नेमका कधी होता, हा वाद तालमीच्या ओट्यावर जितक्या हिरिरीने चालतो तितक्याच हिरिरीने क्रीडासमीक्षकांच्या लेखांतही चालतो. मुहम्मद अली 1966 साली सर्वांत श्रेष्ठ होते की 1974 साली, यावर जगभर ग्रंथ लिहिले गेले. माइक टायसन यांचे चाहते 27 जून 1988 ही तारीखच सांगतात. त्या रात्री मायकेल स्पिंक्स 91 सेकंदांत आडवे झाले होते. महाराष्ट्रात असा वाद ज्यांच्या नावावर गंभीरपणे व्हायला हवा, ते नाव खाशाबा दादासाहेब जाधव यांचे आहे. स्वतंत्र भारताला वैयक्तिक खेळातले पहिले ऑलिंपिक पदक त्यांनी 1952 साली हेलसिंकीत मिळवून दिले. त्यांच्याबद्दल तीन मते ऐकू येतात. पहिले मत हेलसिंकीच्या बाजूचे. दुसरे असे, की खरा भर 1948 ते 1952 या मधल्या काळात होता आणि तो जगाने पाहिलाच नाही. तिसरे मत सांगते, की गुडघा दुखावला नसता तर 1956 साली मेलबर्नला सुवर्णपदक ठरलेलेच होते.

या वादात बहुधा तीन निराळे प्रश्न एकमेकांत मिसळतात. शरीर सर्वांत तयार कधी होते, हा एक. हुन्नर सर्वांत पक्का कधी झाला, हा दुसरा. आणि सर्वांत मोठे यश कधी मिळाले, हा तिसरा. तिन्हींची उत्तरे एकाच वर्षावर येऊन थांबली तर वाद उरत नाही, पण तसे क्वचितच घडते. प्रतिक्रियेचा वेग विशीच्या पहिल्या अर्ध्यात सर्वाधिक असतो. ताकद तिशीपर्यंत टिकते, कधी वाढतेही. प्रतिस्पर्ध्याचा डाव सुरू होण्याआधीच ओळखण्याची नजर तर वयाबरोबर मुरत जाते. यश मात्र समोर कोण उभा आहे, कोणत्या वजनगटात लढावे लागले, प्रवासाचे पैसे जमले की नाही, अशा बाहेरच्या गोष्टींवरही अवलंबून असते. म्हणून पदकाचे साल म्हणजेच भराचे साल, असे धरून चालता येत नाही. त्या सालाची तपासणी करावी लागते.

अली यांचे उदाहरण या तपासणीसाठी उपयोगी आहे. त्यांचा जन्म जानेवारी 1942 चा. नोव्हेंबर 1966 मध्ये ह्यूस्टनला क्लीव्हलँड विल्यम्स यांच्याविरुद्ध तीन फेऱ्यांत आटोपलेली त्यांची लढत हा त्यांच्या शरीराचा आणि पायांच्या वेगाचा कळस मानला जातो. पुढच्या वर्षी व्हिएतनाम युद्धासाठी सैन्यात भरती व्हायला त्यांनी नकार दिला. किताब गेला आणि साडेतीन वर्षे रिंगणही बंद झाले. पंचविसाव्या वर्षापासून अठ्ठाविसाव्या वर्षापर्यंतचा हा काळ होता. ते परतले तेव्हा पाय मंदावले होते. पण ठोसे झेलण्याची, दोरखंडाला रेलून प्रतिस्पर्ध्याला दमवण्याची आणि त्याचे मन वाचण्याची कला वाढली होती. ऑक्टोबर 1974 मध्ये किन्शासाला त्यांनी आठव्या फेरीत ज्यांना पाडले ते जॉर्ज फोरमन पंचवीस वर्षांचे आणि तोवर अपराजित होते. यशाचा कळस 1974 चा, शरीराचा 1966 चा. मधल्या वर्षांत दोन्ही एकत्र आले असते का, याचे उत्तर कोणाकडेच नाही, कारण ती वर्षे रिंगणात उतरलीच नाहीत.

खाशाबांच्या बाबतीतही काही वर्षे अशीच आडोशाला गेली. त्यांच्यावर कोणाची बंदी नव्हती. जगाशी गाठ घालून देणारी व्यवस्थाच देशात तयार झालेली नव्हती.

खाशाबांचा जन्म 15 जानेवारी 1926 चा, सातारा जिल्ह्यातल्या कराड तालुक्यातील गोळेश्वर गावचा. वडील दादासाहेब स्वतः पैलवान. पाच भावांत खाशाबा धाकटे. घरातच आखाडा असल्यासारखे वातावरण होते. कराडच्या टिळक हायस्कूलमध्ये शिक्षण झाले आणि पुढे ते कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात दाखल झाले. कोल्हापूर हे त्या काळात कुस्तीचे माहेर. शाहू महाराजांनी देशभरातल्या मल्लांना आश्रय दिला होता आणि खासबागेचे मैदान उभे केले होते. त्या परंपरेच्या सावलीत बाबुराव बलवडे आणि बेलापुरे गुरुजी यांच्या हाताखाली खाशाबा तयार झाले.

अंगापिंडाने ते लहान होते. डोळ्यांत भरणाऱ्या देहाचा पैलवान आणि खाशाबा यांत फार अंतर होते. मोठ्या जोडीच्या कुस्तीला जे गर्दी करतात त्यांच्या नजरेत असा मल्ल चटकन भरत नाही. त्यांच्या भराबद्दल इतकी कमी चर्चा झाली, त्याचे हेही एक कारण असावे. महाराष्ट्रातल्या जत्रांत शेवटची, मानाची कुस्ती नेहमीच भारी वजनाची असते. वाळूजजवळच्या छोट्या पंढरपूरची आषाढी यात्रा असो की गंगापूर तालुक्यातली एखाद्या गावची जत्रा, नारळावरच्या आणि रेवड्यांवरच्या कुस्त्या आधी उरकतात आणि लोक थांबतात ते मोठ्या जोडीसाठी. हलक्या वजनाच्या मल्लाचे कौशल्य ओळखायला जाणकाराचीच नजर लागते.

खाशाबांची हुकमी पकड होती ढाक. प्रतिस्पर्ध्याची मान काखेत अशी दाबायची की त्याचे डोके छातीला चिकटून राहील. दुसऱ्या हाताने त्याचा दंड ओढून धरायचा. मग एक पाय आत टाकत कंबर वळवायची आणि सगळे वजन आपल्या नितंबावरून पुढे फेकायचे. डाव बसला तर समोरच्याचे पाय जमिनीवरून सुटतात आणि त्याची पाठ खाली येते. डाव फसला तर मारणाऱ्याचीच पाठ उघडी पडते आणि मागून कब्जा बसतो. ढाकेला ताकद लागते, पण त्याहून अधिक क्षण ओळखावा लागतो. समोरच्याचा तोल पुढच्या पायावर आला तो निमिष साधला तर साठ किलोंचा गडीही हलका होतो. हा डाव वयाबरोबर सुधारतो, याकडे पुढच्या हिशेबात लक्ष ठेवायला हवे.

मातीची कुस्ती आणि मॅटवरची कुस्ती यांतला फरकही इथेच पाहायला हवा. मातीत निकाल एकच, चितपट. दोन्ही खांदे जमिनीला टेकले की कुस्ती संपली. वेळेचे बंधन नसल्यात जमा. तासभर खडाखडी करून बरोबरीत सुटलेल्या कुस्त्यांच्या कथा प्रत्येक गावात आहेत. पाय मातीत रुततात, अंगाला माती फासलेली असल्यामुळे पकड बसते आणि दम राखून डाव टाकायला सवड मिळते. मॅटवर पायांत बूट असतात आणि घाम आला की पकड निसटते. पंच गुण मोजतात आणि घड्याळ चालू असते. खांदे क्षणभर टेकलेले दिसले तरी खेळ आटोपतो. मातीत धोका न वाटणारी, पाठीवरून लोळण घेऊन सुटण्याची सवय मॅटवर घात करू शकते. 1948 साली खाशाबा लंडन ऑलिंपिकला गेले ते असे मातीतून थेट.

लंडनला त्यांना कोल्हापूरच्या महाराजांच्या मदतीने जाता आले. गट होता फ्लायवेट, 52 किलोंचा. तिथे अमेरिकेचे रीस गार्डनर यांनी त्यांना आंतरराष्ट्रीय पद्धतीचे काही धडे दिले. ऑस्ट्रेलियाच्या बर्ट हॅरिस यांना त्यांनी काही मिनिटांतच लोळवले, अमेरिकेच्या बिली जर्निगन यांनाही हरवले आणि इराणच्या मन्सूर रईसी यांच्याकडून ते हरले. शेवटी सहावा क्रमांक. वय बावीस. मॅटचा सराव नाही, नियम अंगवळणी पडलेले नाहीत आणि तरी जगातल्या पहिल्या सहांत. या एका निकालामुळे काही जाणकार म्हणतात, की खाशाबांचा नैसर्गिक गुण 1948 सालीच पूर्ण फुललेला होता आणि पुढे वाढला तो फक्त अनुभव.

हे मत अर्धेच खरे आहे. लंडनच्या मैदानात कोण नव्हते, हे त्यात विसरले जाते. महायुद्ध नुकते संपले होते. जपान आणि जर्मनी यांना बोलावलेच नव्हते आणि सोव्हिएत संघ ऑलिंपिकमध्ये अजून उतरला नव्हता. कुस्तीतल्या तीन मोठ्या शक्ती बाहेर असताना मिळालेला तो सहावा क्रमांक होता. हेलसिंकीत हे तिन्ही देश हजर होते. शिवाय खाशाबा एक गट वर सरकले होते. 52 किलोंऐवजी 57 किलोंचा बँटमवेट गट. म्हणजे चार वर्षांत प्रतिस्पर्धी वजनाने भारी झाले, देशांची यादी कडवी झाली आणि तरीही क्रमांक सहावरून तीनवर आला. नुसत्या क्रमांकांची वजाबाकी केली तर तीन पायऱ्यांची प्रगती दिसते. प्रत्यक्षात ती त्याहून पुष्कळ मोठी आहे.

आता मधली चार वर्षे. बावीस ते सव्वीस. अली यांची जी वर्षे गेली ती याच्या जवळपासच्या वयाची. या काळात खाशाबांनी कोल्हापुरात मेहनत वाढवली, अंगाचे वजन कमावले आणि मॅटचे नियम डोक्यात ठेवून डाव घोटून घेतले. पण ही तयारी जगाच्या मोजपट्टीवर लावून पाहायला त्या काळी भारतीय मल्लाला जागा जवळजवळ नव्हती. 1951 साली दिल्लीत पहिल्या आशियाई क्रीडास्पर्धा झाल्या. घरच्या मैदानावर हक्काची संधी होती, पण त्या स्पर्धांत कुस्तीचा समावेशच नव्हता. आशियाई स्पर्धांत कुस्ती आली ती 1954 साली, मनिलाला. म्हणून खरा भर 1950 च्या आसपास होता, असे म्हणणाऱ्यांच्या हाती देशातल्या कुस्त्यांच्या आठवणी राहतात. त्या आठवणी मोलाच्या आहेत, पण त्यांवरून हेलसिंकीत समोर आलेल्या पोलिक्वँ किंवा इशी यांच्यासारख्या प्रतिस्पर्ध्यांपुढे तो मल्ल कसा उभा राहिला असता हे ठरवता येत नाही.

देशांतर्गत पुरावाही सरळ नाही. हेलसिंकीच्या संघनिवडीआधी मद्रासच्या राष्ट्रीय स्पर्धेत खाशाबा एका गुणाने मागे पडले आणि निवडीतून वगळले जाण्याची वेळ आली. त्या निर्णयावर त्यांनी दाद मागितली. पतियाळाच्या महाराजांच्या मध्यस्थीने बंगालच्या निरंजन दास यांच्याशी त्यांची पुन्हा जोड लागली आणि ती खाशाबांनी जिंकली. ऑलिंपिक पदकाच्या काही महिने आधी हा पैलवान घरच्या मैदानावर गुणांवर मागे पडतो, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. भर म्हणजे सलग चढणारी रेघ अशी समजूत असेल तर ती इथेच मोडते. शिखरावरचा मल्लही एखाद्या दिवशी एका गुणाने हरतो. पंचांची नजर, झोप, प्रवास, जोडीदाराची शैली, काहीही त्याला पुरते.

हेलसिंकीला जाण्याच्या पैशांची कथा महाराष्ट्रात सर्वश्रुत आहे. राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य बॅरिस्टर खर्डेकर यांनी आपले घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले, गावोगावच्या लोकांनी हाताला आले ते दिले. या कथेचा करुण भाग नेहमी सांगितला जातो. त्याचा खेळाच्या हिशेबाशी असलेला संबंध क्वचितच सांगितला जातो. ज्या मल्लाला स्पर्धेआधीचे महिने वर्गणीसाठी दारोदार फिरण्यात घालवावे लागले त्याची तयारी त्या महिन्यांत जितकी व्हायला हवी तितकी होऊ शकत नाही. मग हेलसिंकीत जे दिसले ते त्याच्या क्षमतेच्या थोडे खालचेच असणार. पदकाचे साल हेच भराचे साल ठरवताना ही खोट जमेस धरावी लागते.

जुलै 1952. हेलसिंकीचे मेसुहाल्ली सभागृह. खाशाबांनी कॅनडाचे आद्रियाँ पोलिक्वँ, मेक्सिकोचे लिओनार्दो बासुर्तो आणि जर्मनीचे फर्डिनांड श्मिट्झ यांना हरवले आणि शेवटच्या तिघांत प्रवेश मिळवला. उरलेले दोघे होते जपानचे शोहाची इशी आणि सोव्हिएत संघाचे, मूळचे बाकूचे, रशीद मामेदबेयोव्ह. इशी आधी ज्युदोचे खेळाडू. युद्धानंतर जपानात ज्युदोवर बंदी आली तेव्हा ते कुस्तीकडे वळले होते. पकडीतून तोल काढण्याचे ज्ञान त्यांच्या हातात मुरलेले होते. ढाक मारणाऱ्या मल्लाला सर्वांत अवघड जाणारा गडी असाच. गळ्यात हात पडतो न पडतो तोच तो कंबर खाली बसवतो आणि फेकीचा जोर तिथेच मरतो.

त्या काळी लढत पंधरा मिनिटांची असे. इशी यांच्याशी झालेली कुस्ती शेवटपर्यंत लांबली आणि ती खाशाबा थोडक्या फरकाने हरले. दोन लढतींमध्ये किमान अर्धा तास विश्रांती मिळावी असा नियम होता. पण त्या दिवशी दमलेल्या खाशाबांना मामेदबेयोव्ह यांच्यासमोर लगोलग उतरावे लागले आणि नियमाकडे बोट दाखवून हरकत घ्यायला भारताचा एकही अधिकारी तिथे हजर नव्हता, असा वृत्तान्त सर्वत्र दिला जातो. पंधरा मिनिटे सर्व ताकदीने झुंजलेल्या मल्लाच्या बाहूंत त्यानंतर काय उरते, हे कोणताही वस्ताद सांगेल. बोटांची पकड आधी जाते. पायांचे बळ बऱ्यापैकी टिकून असते, श्वासही परत येतो, पण मूठ आवळून धरता येत नाही. मान दाबून फेकणाऱ्या मल्लाची पकडच गेली तर हत्यारच गेले. सुवर्ण इशी यांना, रौप्य मामेदबेयोव्ह यांना आणि कांस्य खाशाबांना मिळाले. त्या ऑलिंपिकमधले जपानचे ते एकमेव सुवर्णपदक होते.

हेलसिंकीला गेलेल्या भारतीय संघातले दुसरे कोल्हापूरकर केशव मानगावे फेदरवेट गटात चौथे आले. पदक हुकल्यामुळे त्यांचे नाव मागे पडले. कुस्तीच्या इतिहासात हा मोठा अन्याय आहे. कोल्हापूरच्या तालमींतून एकाच ऑलिंपिकात एक तिसरा आणि एक चौथा क्रमांक आला. खाशाबांचे पदक म्हणजे एखाद्याच गुणी मल्लाचे नशीब नव्हते, त्यामागे एक भक्कम परंपरा होती, एवढे यावरून निश्चित म्हणता येते. खाशाबा परतले तेव्हा कराड स्थानकापासून गोळेश्वरपर्यंत बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. तिच्यात 151 गाड्या होत्या असे सांगतात.

तिसऱ्या मताकडे वळू या. 1955 साली खाशाबा पोलीस खात्यात उपनिरीक्षक म्हणून रुजू झाले. मेलबर्नच्या तयारीत गुडघा गंभीरपणे दुखावला आणि 1956 चे ऑलिंपिक हुकले. त्या ऑलिंपिकात ते तीस वर्षांचे असते. चार वर्षांचा अधिक अनुभव, मॅटची पक्की सवय आणि पोटाची चिंता मिटवणारी सरकारी नोकरी, या तीन गोष्टींवरून मेलबर्नला सुवर्ण नक्की होते असे त्यांचे चाहते म्हणतात. प्रेमापोटी केलेले हे विधान आहे, पण त्याला आधार कमी आहे. मेलबर्नला 57 किलोंत सुवर्ण घेतले ते तुर्कस्तानच्या मुस्तफा दागिस्तान्ली यांनी. ते 1954 चे विश्वविजेते होते आणि 1960 साली रोमला वरच्या वजनगटात त्यांनी आणखी एक सुवर्ण मिळवले. अशा मल्लाला तीस वर्षांच्या, गुडघा सांभाळून खेळणाऱ्या खाशाबांनी हरवले असते, असे म्हणायला धाडस लागते. हलक्या वजनाच्या कुस्तीत वेगाची घट भारी वजनाच्या मानाने लवकर जाणवते, हाही मुद्दा आहे. गुडघा दुखावला नसता तर मेलबर्नला पदकाची आशा नक्की होती. सुवर्णाचा दावा मात्र टिकत नाही.

म्हणून तिन्ही मते तपासल्यावर कौल 1952 च्याच बाजूने जातो, पण कारण पदक हे नाही. वय सव्वीस, वजन कमावलेले, ढाकेची नजर पक्की, मॅटचा एक ऑलिंपिकभर अनुभव गाठीशी आणि समोर त्या काळातली सर्वांत कडवी यादी. शरीर, हुन्नर आणि यश या तिन्ही गोष्टी त्यांच्या आयुष्यात एकमेकांच्या सर्वांत जवळ आल्या त्या याच उन्हाळ्यात. अली यांच्या बाबतीत त्या आठ वर्षांच्या अंतराने विखुरल्या गेल्या होत्या. खाशाबांचे दुर्दैव निराळे. भर योग्य वेळी आला, पण तो ज्या दिवशी दिसायचा त्या दिवशी विश्रांतीचा अर्धा तास मागायला शेजारी कोणी नव्हते. पदकाचा रंग त्या अर्ध्या तासाने ठरला असेल किंवा नसेल, पण कांस्य हे त्यांच्या त्या वेळच्या क्षमतेचे वरचे टोक मानणे चुकीचे ठरेल.

वजनगटाचा मुद्दा आणखी एका उदाहरणाने उलगडतो. मणिपूरच्या मेरी कोम यांनी 2002 ते 2018 या काळात सहा वेळा मुष्टियुद्धाचे विश्वविजेतेपद मिळवले, ते सारे 45 ते 48 किलोंच्या गटांत. 2012 साली लंडनला महिलांचे मुष्टियुद्ध ऑलिंपिकमध्ये प्रथमच आले तेव्हा सर्वांत हलका गट 51 किलोंचा होता. मेरी कोम यांना आपल्या नैसर्गिक वजनापेक्षा वर जाऊन, उंच आणि लांब हातांच्या प्रतिस्पर्ध्यांशी लढावे लागले. त्यांना कांस्य मिळाले. लंडनच्या कांस्यावरून त्यांचे शिखर ठरवणाऱ्याने त्यांची अर्धी कारकीर्द वाचलेलीच नसते. ऑलिंपिकच्या झगमगाटात भराचे साल हुकते, ते असे.

महाराष्ट्रातल्या भारी वजनाच्या मल्लांचा वाद त्या मानाने सोपा. 1962 च्या जाकार्ता आशियाई स्पर्धेत मारुती माने यांनी फ्रीस्टाइलमध्ये सुवर्ण आणि ग्रीको-रोमनमध्ये रौप्य मिळवले, तर गणपत आंदळकर यांनी ग्रीको-रोमनमध्ये सुवर्ण आणि फ्रीस्टाइलमध्ये रौप्य. दोन शैली, एकच आठवडा आणि चार पदके. आंदळकर 1960 चे हिंदकेसरी, माने 1964 चे. दोघांचाही भर 1962 च्या आगेमागे होता यावर फारसे दुमत नाही.

सांगली जिल्ह्यातल्या पेठ इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर यांचा दाखला मात्र या सगळ्या चौकटीला छेद देतो. सैन्यात असताना ते मुष्टियोद्धे होते. 1965 च्या युद्धात गोळ्या लागून कमरेखालच्या भागावर कायमचा परिणाम झाला आणि मुष्टियोद्धा म्हणून त्यांचा भर कधी आला असता, हा प्रश्नच कापला गेला. 1972 साली हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये त्यांनी 50 मीटर फ्रीस्टाइल पोहण्यात 37.33 सेकंदांच्या विश्वविक्रमासह सुवर्ण मिळवले. भारताचे पॅरालिम्पिकमधले ते पहिले सुवर्ण. एका खेळात न आलेला भर दुसऱ्या खेळात आला, असे त्यांच्याबाबत म्हणावे लागते. वर मांडलेले तीन प्रश्न एकाच शरीराची कथा गृहीत धरतात. इथे शरीरच बदलले होते.

मराठवाड्यापुरता हा वाद जिवंत आहे तो राहुल आवारे यांच्या नावावर. बीड जिल्ह्यातल्या पाटोद्याचा हा मल्ल पुण्यात हरिश्चंद्र बिराजदार यांच्या हाताखाली घडला. बिराजदार स्वतः लातूर जिल्ह्यातले. ते 2011 साली गेल्यानंतर लातूरचेच काका पवार यांनी राहुलला पुढे नेले. वाळूजच्या औद्योगिक वसाहतीत बीड, लातूर, परभणी, जालना या भागांतून आलेली हजारो कुटुंबे आहेत. बजाजनगर आणि रांजणगावच्या गल्ल्यांत राहणाऱ्या बीडकरांसाठी राहुलचे नाव अगदी घरचे आहे. त्यामुळे त्याचा भर कोणता, यावर इथे दोन तट पडणे साहजिक आहे.

एक तट 2018 चा. त्या वर्षी एप्रिलमध्ये ऑस्ट्रेलियातल्या गोल्ड कोस्टला राष्ट्रकुल स्पर्धेच्या अंतिम फेरीत त्याने कॅनडाचे स्टीव्हन ताकाहाशी यांना 15-7 असे हरवून 57 किलोंत सुवर्ण मिळवले. खाशाबा ज्या वजनाला हेलसिंकीत लढले तेच हे वजन. दुसरा तट 2019 चा. सप्टेंबरमध्ये कझाकस्तानच्या नूर-सुलतानला जागतिक स्पर्धेत 61 किलोंच्या गटात त्याने अमेरिकेचे टायलर ग्राफ यांना 11-4 असे नमवून कांस्य घेतले. सोन्याचा रंग पहिल्या बाजूला आहे आणि म्हणून बोलताना लोक 2018 कडे झुकतात.

पण खाशाबांसाठी वापरलेली मोजपट्टी इथेही लावायला हवी. राष्ट्रकुल स्पर्धेत रशिया नाही, इराण नाही, जपान नाही, तुर्कस्तान नाही, जॉर्जिया नाही, अमेरिका नाही. म्हणजे जागतिक कुस्तीचा बहुतांश कडवा भाग त्या मैदानाबाहेरच असतो. नूर-सुलतानला हे सगळे देश होते. उपांत्य फेरीत राहुल ज्यांच्याकडून हरला ते जॉर्जियाचे बेका लोमताद्झे त्या गटाचे विश्वविजेते ठरले. शिवाय एकसष्ट किलोंत त्याला वजन तोडायची कसरत कमी करावी लागली. चार किलो पाणी आणि चरबी काढून वजनकाट्यावर उतरणारा मल्ल पहिल्या तीन मिनिटांत वेगवान असतो, शेवटच्या मिनिटात त्याची मांडी जड होते. ग्राफ यांच्याविरुद्धच्या लढतीत राहुलने शेवटपर्यंत गुण मिळवले. शरीर पोटभर खाऊन लढत असल्याची ती खूण होती.

अडचण अशी की 61 किलोंचा गट ऑलिंपिकमध्ये नाही. टोकियोसाठी 57 किलोंतच उतरावे लागले असते आणि त्या गटात भारताकडे रवी दहिया होते. त्यांनी नूर-सुलतानलाच कांस्य मिळवले होते आणि टोकियोत तर रौप्य. ज्या वजनाला राहुल ऐन भरात होता त्या वजनाला ऑलिंपिकचे दार नव्हते. ज्या वजनाला दार होते तिथे त्याच्यापेक्षा तरुण आणि त्या क्षणी त्याच्याहून सरस मल्ल त्याच्याच देशात तयार झाला होता. मेरी कोम यांच्यासारखीच ही कोंडी, फक्त दिशा उलट. त्यांना वर चढावे लागले, राहुलला खाली उतरावे लागले असते.

खाशाबा आणि राहुल यांच्या भरात 67 वर्षांचे अंतर आहे. हेलसिंकीत लढत पंधरा मिनिटांची होती, नूर-सुलतानला सहा मिनिटांची, दोन भागांत. आता स्पर्धा दोन दिवसांत विभागलेली असते, दोन्ही दिवशी सकाळी वजन होते, लढतीच्या कडेला प्रशिक्षक बसतो आणि पंचांच्या निर्णयावर दाद मागायची सोय असते. खाशाबा पोलीस खात्यात उपनिरीक्षक झाले ते पदकानंतर तीन वर्षांनी आणि सहायक पोलीस आयुक्त म्हणून निवृत्त झाले. राहुललाही महाराष्ट्र पोलिसांत उपअधीक्षकपद मिळाले, जागतिक पदकाच्या पाठोपाठच. भराच्या वर्षांत मल्लाच्या पाठीशी काय उभे असते, यातला फरक या दोन नेमणुकांच्या वेळांत दिसतो. खाशाबांच्या भराला त्यापैकी काहीच मिळाले नाही आणि राहुलच्या भराला जवळजवळ सगळे मिळाले, फक्त योग्य वजनाचा गट मिळाला नाही. राहुल आवारेचा भर 2019 चा आहे, सत्तावीस वर्षे वयाचा, एकसष्ट किलोंचा आणि कांस्य रंगाचा.